दंड राबून फिटत नाही, ताई

दिंडोरी तालुक्यातून एक पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आवरून देते.

"वकीलताई, नमस्कार. आमची अडीच एकर जमीन, त्यातली एकरभर द्राक्षबाग. सातबारा मालकांच्या नावावर आहे. २०२१ साली बांधावरून चुलत दिरांशी भांडण झालं आणि यांच्या हातून त्यांचा हात मोडला. पोलिसांनी ३०७ (खुनाचा प्रयत्न) लावलं होतं, नाशिकच्या सत्र न्यायालयानं ३२५ (जबर दुखापत) धरलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये निकाल लागला. दोन वर्षं सक्तमजुरी, वीस हजार दंड, आणि दंड नाही भरला तर वर सहा महिने साधी कैद. दंडातले पंधरा हजार जखमीला द्यावेत असंही निकालात आहे. अपील केलं नाही, तेवढी ऐपतच नव्हती. आता ते नाशिकरोडच्या कारागृहात आहेत, सुतारकामात. आधीचे कच्च्या कैदेतले तीन महिने आणि माफी धरून सप्टेंबरअखेर मूळ शिक्षा संपते, असं तिथून सांगितलं.

मागच्या मुलाकतीला म्हणाले, एक रुपया भरायचा नाही, मी आणखी सहा महिने राबतो, माझ्या घामानं दंड फिटेल. माझा भाचा कॉलेजात आहे. तो म्हणतो अमेरिकेत कैदी काम करूनच दंड फेडतात, इथंही तसंच असेल. सासूबाई म्हणतात, पाटल्या मोड पण पोराला घरी आण. गावातले एक बागायतदार म्हणतात, दंड मी भरतो, सुटला की हंगामभर माझ्या बागेत येऊ दे, रोज तीनशे धरून फेडून घेईन. छाटणीला सध्या पाचशे रोज चालू आहे. मुलगा दहावीला आहे. मी काय करू? आणि हे अजून का सुटले नाहीत, असं विचारणाऱ्यांना काय सांगू?"

ताई,

पहिलीच गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तुमच्या मालकांना तर मुळीच नाही. सहा महिने राबून वीस हजारांचा दंड फिटत नाही. सहा महिने बसलं की सहा महिने संपतात, एवढंच होतं.

आपल्याकडे दंडाचं खातं वेगळं आणि कैदेचं वेगळं. "दंड न भरल्यास सहा महिने" ही गुन्ह्याची आणखी एक शिक्षा नाही. दंड भरला नाही म्हणून उगारलेला तो बडगा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं हा फरक पुन्हा पुन्हा सांगितलाय. म्हणून हे सहा महिने मूळ शिक्षेच्या पोटात जिरत नाहीत, ती संपली की सुरू होतात. आधीचे तीन महिने दोन वर्षांतून वजा झाले ते बरोबर, पण दंडाच्या सहा महिन्यांतून त्यातला एक दिवसही वजा होत नाही. गुन्हा २०२१ चा, त्यामुळे तुमच्या प्रकरणाला जुनी दंडसंहिताच लागते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्यायसंहितेत हेच नियम आठव्या कलमात एकत्र केलेत. त्या नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आली आहे खरी, पण ती दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणं किंवा पाच हजारांच्या आतली पहिली चोरी अशा किरकोळ गुन्ह्यांसाठी. वीस हजार दंडाच्या जागी तितकं काम, अशी सोय तिथंही नाही.

आणि "राबतो" म्हणतात, तेही तपासून बघा. निकालात साधी कैद लिहिली आहे. साध्या कैदेतल्या माणसाला कामाची सक्ती नसते. १८९४ च्या तुरुंग कायद्यापासूनचा नियम असा, की त्याची इच्छा असेल तर आणि असेल तोवर त्याला काम द्यायचं. म्हणजे ते सुतारकामात राहिले काय आणि बरॅकमध्ये भिंतीला टेकून बसले काय, दंडाच्या हिशेबात दोन्हीची किंमत तीच.

काम केलं तर मजुरी मिळते, पण ती त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होते, आपोआप कोर्टात जात नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या कारागृहांतले दर वाढले तेव्हा कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७ आणि अकुशलला ५३ असे ठरले. सुतारकामात ते अर्धकुशल धरले जात असतील असं समजू. महिन्याला पंचवीस दिवस काम धरलं तर १,६७५ रुपये, सहा महिन्यांचे १०,०५०. त्यातून कॅन्टीनचा साबण, तेल, फरसाण वजा करा.

आता तुम्हीच दिलेला बाहेरचा आकडा घ्या. छाटणीचा रोज पाचशे. वीस हजार भागिले पाचशे, म्हणजे चाळीस दिवस. जो दंड बाहेर चाळीस दिवसांच्या मजुरीत निघतो, त्यासाठी ते आत एकशे ऐंशी दिवस द्यायला निघालेत, आणि तेवढे दिवस देऊनही हाती दंडाचे निम्मे पैसे जेमतेम येतील. महिने कोणते, तेही बघा. ऑक्टोबर ते मार्च. ऑक्टोबर छाटणीपासून खुडणीपर्यंतचा तुमच्या बागेचा सबंध हंगाम त्यात गेला. बागेच्या माणसाला हे मी सांगायला नको, त्यांनाही कळतं. म्हणूनच माझी शंका आहे की त्यांच्या मनात हिशेब हा नाहीच. त्याकडे येते.

त्याआधी एक कामाची गोष्ट, जी मुलाकतीच्या रांगेत उभ्या असलेल्या दहांतल्या आठ बायकांना कोणी सांगितलेली नसते. दंड सगळाच्या सगळा भरायचा किंवा मुळीच नाही, असं नसतं. थोडा भरला तर तेवढे दिवस कमी होतात. वीस हजारांना सहा महिने, म्हणजे पाच हजारांना दीड महिना आणि दहा हजारांना तीन महिने. आत बसून झाल्यावर भरलं तरी हाच हिशेब. समजा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दीड महिना बसून झाला आणि तेव्हा तुम्ही पंधरा हजार भरले, तर त्याच दिवशी कैद संपली. उरलेल्या पाच हजारांच्या वाट्याची कैद त्या दीड महिन्यात भोगून झाली. पूर्ण भरले तर पूर्ण सुटका, मग सहा महिन्यांतला पहिला दिवस असो की शंभरावा.

कोणी म्हणेल, कोर्टाकडून हप्ते पाडून घ्या. आमच्यातलेही काही जण हे ठोकून देतात. दंड दोन किंवा तीन हप्त्यांत भरण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती ज्याला फक्त दंडाची शिक्षा झाली त्याच्यासाठी. तुमच्या मालकांना कैदही झाली आहे. त्यांना तो रस्ता नाही, वर सांगितलेला आहे. त्या अर्जापायी वकिलाला पैसे देऊ नका.

आता पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. दंडातले पंधरा हजार जखमीला.

ताई, माझ्या मते सगळी गाठ इथं आहे. तुमचे मालक "माझ्या घामानं फिटेल" म्हणतात, पण त्यांना म्हणायचंय ते असं, की ज्यानं माझा बांध कोरला त्याच्या हातात मी माझ्या घरातून पंधरा हजार ठेवणार नाही, त्यापेक्षा बसेन. मी सव्वीस वर्षं नाशिकच्या कोर्टात वकिली करतेय. त्यातली बरीच वर्षं मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर गेली. भाऊबंदकीच्या खटल्यांत हे इतक्यांदा पाहिलंय की पत्राच्या तिसऱ्या ओळीलाच ओळखलं. परक्याला भरपाई द्यायला माणूस कुरकुरत का होईना, तयार होतो. चुलत भावाला द्यायची म्हटली की त्याला तुरुंग बरा वाटतो.

पण यात ते फसलेत. साधारणपणे दंडाबदलची सगळी कैद भोगून झाली की कोर्ट त्या दंडाच्या वसुलीचं वॉरंट पुन्हा काढत नाही, काढायचं तर खास कारणं लिहावी लागतात. या सवलतीला एक अपवाद आहे. दंडातून नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला असेल, तर कैद पूर्ण भोगल्यावरही वॉरंट निघू शकतं. तुमच्या निकालात नेमका तसा आदेश आहे. आणि हे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जंगम मालमत्तेवरून आणि स्थावर मालमत्तेवरूनही. म्हणजे ते सहा महिने बसतील, बाग एका हंगामाला मुकेल, आणि मग तलाठी त्याच अडीच एकरांचा सातबारा काढून बघेल. ज्या बांधासाठी हात मोडला, तोच. दंडाच्या वसुलीला सहा वर्षांची मुदत असते, म्हणजे चुलत दिरांना घाई करण्याचंही कारण नाही.

उलट बाजूही सांगते. उद्या त्यांनी दवाखान्याच्या खर्चासाठी दिवाणी दावा टाकला, तर फौजदारी कोर्टाच्या आदेशानं मिळालेली ही भरपाई त्या दाव्यात हिशेबात धरावी लागते. आज दिलेले पंधरा हजार उद्याच्या मागणीतून कमी होतात. आत बसून काढलेले सहा महिने तिथं कोणी मोजत नाही. आणि गावकीत बसून "तू दंड सोडून दे" असं त्यांना म्हणायला जाऊ नका. दंड त्यांना सोडता येत नाही, तो सरकारला देणं आहे. त्यांना फक्त त्यातला वाटा मिळणार आहे.

बागायतदारांकडे वळते. मी त्यांना वाईट माणूस ठरवत नाही. कदाचित त्यांच्या मनात मदतच असेल, आणि जाता जाता छाटणीला हक्काचा गडीही मिळेल. पण हिशेब मांडा. रोज तीनशेनं वीस हजार फेडायला सदुसष्ट दिवस लागतात, पाचशेनं चाळीस. सत्तावीस दिवस फुकट. त्यात "हंगामभर" हा शब्द आहे, म्हणजे सदुसष्टवरही ते थांबतील असं नाही. दुसरीकडे जास्त रोज मिळत असेल तर जाता येईल का? आजारी पडले तर दिवस वाढतील का? या प्रश्नांना उत्तरं नसतील तर ती उचल आहे, आणि उचलीत बांधलेल्या माणसाला १९७६ चा कायदा वेठबिगार म्हणतो. असा करार कायद्यानं रद्दबातल आहे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय त्याही पुढं गेलं आणि म्हणालं की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम म्हणजेच सक्तीचं काम, मग माणूस स्वतःच्या पायानं का आलेला असेना.

भाच्यानं अमेरिकेचं काढलं ते बरं झालं. त्याचं अगदीच चुकलेलं नाही. तिथल्या काही राज्यांत तुरुंगातल्या दिवसाला किंवा कामाच्या दिवसाला ठरावीक डॉलर धरून ते दंडातून वजा करतात. पण त्याला सांगा, याची दुसरी बाजूही तिथंच वाच. अलाबामा राज्यात एका काळ्या मजुराला कोर्टानं दंड आणि खर्च मिळून ५८ डॉलर ७५ सेंट भरायला सांगितले. पैसे नव्हते. एका जमीनदारानं ते भरले आणि महिन्याला ६ डॉलरच्या हिशेबानं नऊ महिने चोवीस दिवस शेतावर राबायचा करार करून घेतला. महिन्याभरानं मजूर काम सोडून गेला. त्या राज्यात असा करार मोडून काम सोडणं हाच गुन्हा होता, म्हणून त्याला परत पकडलं. या वेळी दंड झाला एक सेंट, आणि कोर्टखर्च ८७ डॉलर ५ सेंट. ते दुसऱ्या जमीनदारानं भरले आणि करार झाला चौदा महिने पंधरा दिवसांचा. एक सेंटापायी! १९१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धतच मोडीत काढली, ही गुलामी आहे म्हणून. तुमचे बागायतदार अलाबामाचे जमीनदार नाहीत, आणि काम सोडलं म्हणून आपल्याकडे कोणी पकडून नेत नाही. पण दंड दुसऱ्यानं भरायचा आणि माणसानं त्याच्या रानात फेडायचा, ही वाट कुठवर जाते ते त्या माणसाच्या करारात दिसतं.

तरीही त्यांचेच पैसे घ्यायची वेळ आली तर सरळ हातउसने घ्या. रक्कम आणि फेडायची तारीख कागदावर लिहा, कामाचा त्यात उल्लेख नको. मालक त्यांच्याकडे कामाला गेले तर गावात चालू असेल तो रोज, आणि तो संध्याकाळी हातात.

मग पैसे आणायचे कुठून? पाटल्या मोडू नका. मोडलेलं सोनं परत होत नाही, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी त्या तसं म्हणाल्या, याचा अर्थ त्या किती खचल्यात तेवढाच घ्या. अगदी गरज पडली तर गहाण ठेवा, तेही बँकेत.

पहिला पैसा तुमच्या मालकांकडेच आहे. दीड वर्ष काम केलंय त्यांनी. त्यांच्या खात्यावर आज किती शिल्लक आहे, हे तुम्ही विचारलंय का? पत्रात कुठे नाही. सात-आठ हजार सहज निघतील, कॅन्टीनवर हात सैल नसेल तर. ते पैसे दंडासाठी वापरायचे आहेत असा अर्ज त्यांनी स्वतः अधीक्षकांकडे द्यावा. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि फक्त पैशापुरतं नाही. "माझ्या घामानं" हा त्यांचा शब्द खरा करायची एकच रीत आहे, आणि ती म्हणजे रंधा मारून मिळवलेली मजुरी दंडात घालणं. ते वाक्य खोडू नका. त्यांना म्हणा, तुमच्याच घामानं भरू, पण झालेल्या घामानं, पुढच्या सहा महिन्यांच्या नाही.

कैद्याच्या मजुरीचा आणि ज्याला इजा झाली त्याचा संबंध मी नव्यानं जोडत नाहीये. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं सक्तमजुरीच्या कैद्यांना रास्त मजुरी द्यायला सांगितली, तेव्हाच त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्यानं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढण्याची सोय राज्यांनी करावी, असंही म्हटलं होतं.

दुसरा पैसा सरकारचा. केंद्राची गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आहे, तिच्या सूचना २०२३ च्या जूनमध्ये निघाल्या. दंड भरता येत नाही एवढ्याच कारणानं ज्याची सुटका अडली आहे, अशा कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड जिल्ह्याची समिती मंजूर करू शकते, आणि पैसे थेट कोर्टात भरले जातात. तुमचे वीस हजार त्यात बसतात. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश असतात. सूचनांप्रमाणे कारागृह अधीक्षकांनी सात दिवसांत प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि सचिवांनी घरच्या परिस्थितीची चौकशी करून घ्यायची. कागदावर हे सगळं आपोआप व्हायचं असतं. तुम्ही आपोआपवर विसंबू नका. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं निकालाची प्रत, आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दिंडोरीहून खेप घालण्याआधी १५१०० वर फोन करून विचारलं तरी चालेल.

चौकशीत जमीन दिसेल, ती लपवू नका. अडीच एकरवाला गरीब की नाही ते समिती ठरवेल. कर्ज असेल तर सोसायटीचा उतारा जोडा. मंजूर झालं तर लाजू नका, नाही झालं तर खचू नका. आणि मंजुरीची वाट बघत सप्टेंबर घालवू नका, कारण सरकारी समितीची बैठक छाटणीचा मुहूर्त बघून लागत नाही.

तिसरा पैसा बचत गटाचा. गटात असाल तर पाच-सात हजार मागा. कारण विचारलं तर खरं सांगा. गटातल्या बायकांना तसंही सगळं माहीत असतं.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. त्यांच्या खात्यातले जे असतील ते, अधिक गटाचे, अधिक घरातले, मिळून जितके जमतात तितके सप्टेंबर संपायच्या आत भरायचे. उरलेल्यासाठी योजनेचा अर्ज. तेही नाही झालं तर उरलेल्या पैशांचे दिवस बसून निघतील, आणि तेवढं बसणं मग मला वावगं वाटत नाही. पाच हजार कमी पडले तर दीड महिना, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर माणूस घरी. फळछाटणी चुकेल, तिला चार रोजाचे गडी लावा. थिनिंगला, म्हणजे घडांच्या विरळणीला, ते हजर असतील.

भरताना ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथंच, पैसे घेणाऱ्या नाझर विभागात भरा आणि पावती घ्या. पावतीची एक प्रत स्वतः नाशिकरोडला नेऊन द्या आणि तिथं आवक नोंद झाल्याचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. कोर्टाचं पत्र टपालानं यायचं म्हणून माणूस चार दिवस जास्त आत राहिलेला मी पाहिलाय. शनिवार-रविवारच्या तोंडावर भरू नका. गणपतीच्या दिवसांत सुट्ट्या बघून जा. आणि त्या दिवसांत तिकडे गेलात तर कारागृहाबाहेर शाडूच्या मूर्ती विकायला असतात, आतल्या माणसांनी घडवलेल्या. आमच्या घरी दोन वर्षं तिथलाच गणपती आणला होता. हे उगाच आठवलं म्हणून सांगितलं.

लोकांचं विचारलंत. "दंडाचं चाललंय, भरला की येतील" एवढं सांगा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

मुलाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, दहावीला आहे म्हणून. त्याची परीक्षा मार्चच्या सुमाराला. वडिलांचे सहा महिने तिथंच संपतात. हे त्यांना सांगा, पण रडून नको. नुसतं तारखा म्हणून सांगा, छाटणीची तारीख सांगतो तशी.

मुलाकतीला जाताना निकालाची प्रत बरोबर न्या. तुम्ही सांगाल ते त्यांना बायकोचं बोलणं वाटेल, म्हणून कारागृहातल्या विधी सहाय्याच्या वकिलाला भेटायचा अर्ज त्यांनी आतून करावा आणि भरपाईचा आदेश असला की कैद भोगूनही वसुली होऊ शकते, हे त्या वकिलाच्या तोंडून ऐकावं. चुलत दिरांचं नाव तुम्ही काढू नका. त्यांनी काढलं तर ऐकून घ्या, वाद घालू नका, वेळ संपते. त्याआधी खात्यावर किती शिल्लक आहे ते विचारा आणि आकडा लिहून आणा. तो आकडा मला कळवा, म्हणजे किती भरले तर किती दिवस उरतात ते तुम्हाला नेमकं काढून देते.